उलटी चावी

सुट्टीचा दिवस होता, धक्का रिकामा होता, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच नानांची दोन्ही मुलं एका लाँचमध्ये बसली होती. बसली होती म्हणजे एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या, मध्ये इंजिनाची पेटी. पण बसली होती. एवढ्यासाठी नानांनी काय काय करून पाहिलं होतं! खोटा खोकला काढला, वाढदिवस काढला, एकदा तर खरोखरच तापाने फणफणले. दोघं आली, पण एक सकाळी आणि दुसरं संध्याकाळी. बापाच्या तापाला जे जमलं नाही ते इंजिनाच्या तापाने करून दाखवलं होतं.

"नाना, तिला सांगा पिशवी उचल म्हणावं. पाना खाली गेलाय," मेस्त्री पेटीत डोकं घालून म्हणाला. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि घरचेसुद्धा त्याला मेस्त्रीच म्हणत.

"नाना, त्याला सांगा, पिशवीखाली काही नाही. पाना त्याच्याच गुडघ्याखाली आहे," मागच्या बाकावरून नर्सबाई म्हणाली. ती थोरली. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात कामाला होती आणि कामाच्या दिवशी नानांच्याच पहिल्या फेरीने पलीकडे जाई.

नानांनी दोन्हीतलं काहीच कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, दोघांचे कान शाबूत होते. मेस्त्रीने गुडघ्याखालून पाना काढला, नर्सबाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. पण निरोप नानांच्या अंगावरून गेल्याशिवाय तो पोचला असं दोघंही धरत नसत. आईला शेवटच्या दिवसांत घरी आणायचं की दवाखान्यातच ठेवायचं, यावरून त्यांचं वाजलं होतं. दोघांनीही बोलू नये ते बोलून घेतलं आणि मग बोलायचंच सोडलं. तेव्हापासून नाना हे त्यांच्या घरचे निरोप्ये. दिवसा माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायचं, आणि संध्याकाळी एकाचा निरोप दुसऱ्याला. यात माणसं न्यायचं काम फार हलकं होतं.

"पट्टा ठीक आहे," मेस्त्री म्हणाला. "घट्ट आहे, कुठे चिरलेला नाही."

"गाळणी बघितली का?" सूनबाईने विचारलं. ती धक्क्याच्या पायरीवर चहाचा थर्मास घेऊन उभी होती. नवऱ्याच्या हाताखाली राहून तिला अर्धं गॅरेज पाठ झालं होतं.

"बघितली. काडीसुद्धा अडकलेली नाही. पंपाचा रबरी पंखाही काढून बघितला, एक पाकळी तुटलेली नाही. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकला, शहाण्यासारखा उघडला. मग हे तापतंय कशाने?"

नाना सुकाणूजवळ बसून फडक्याने काच पुसत होते. ती मघाशीच पुसून झाली होती. आज ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि त्याला कारण होतं.

इंजिन कशाने तापतं ते नानांना ठाऊक होतं.

इंजिन थंड ठेवायला लाँच नदीचं पाणी पोटात घेते, इंजिनाभोवती फिरवते आणि मागच्या नळीतून बाहेर टाकते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्याला या घरात चूळ म्हणत. शब्द आईचा. इंजिन सुरू झालं की ती मागच्या बाकावरून वाकून बघायची आणि ओरडायची, "टाकली चूळ!" मगच नाना दोर सोडायचे. पाणी आत घेणारी चावी त्याच बाकाखाली, एका सुट्या फळीच्या आड. रात्री बंद करायची, सकाळी उघडायची. ती पहिली चावी नानांनी एका मोडीत निघालेल्या जहाजावरून आणलेली, आणि जगातल्या सगळ्या चाव्या डावीकडे फिरवल्या की उघडतात तर ही उजवीकडे. आईने मुलांचे हात धरून शिकवलं होतं, "आपली उलटी. विसरायचं नाही." पुढे घरात कुणी भलताच हट्ट धरला की "गेला आपल्या चावीवर" असं म्हणायची रीतच पडली. आणि हट्ट धरण्यात या घरातलं कुणीच कमी नव्हतं.

पहिल्यांदा भर पाण्यात काटा लाल रेघेकडे गेला तेव्हा नानांनी इंजिन बंद केलं, प्रवाशांशी हसूनखेळून बोलत फळीखाली हात घातला. चावी अर्धी बंद होती. सकाळी आपण ती उघडली होती. उघडली होती ना? दुसऱ्यांदा तसंच झालं. मग तिसऱ्यांदा त्यांनी चावी उघडताना स्वतःशी मोठ्याने म्हटलं, "उघडली बरं का!" आणि नदीच्या मध्यावर फळीखाली हात घातला तर चावी पुन्हा अर्धी बंद. इंजिनाची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, आता स्वतःच्या डोक्याची वाटायला लागली. मोठ्याने म्हटलेलं आठवतं आणि केलेलं होत नाही, असं डोकं घेऊन माणसांनी भरलेली लाँच न्यायची?

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लाँच सोडायची एवढं मात्र मनाशी ठरवलं होतं. आज मुलं एकत्र आहेत, आजच सांगून टाकायचं. फक्त शब्द तोंडाबाहेर येत नव्हता.

"चावी?" सूनबाईने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

मेस्त्रीने मागे जाऊन फळी उचलली. बहीण न सांगता पाय बाजूला घेऊन बसली. "उघडी आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आज उघडी आहे."

तो 'आज' नानांच्या नीट ध्यानात आला. म्हणजे पोरांना कळलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, ती पाण्याकडे बघत होती. मुलाकडे पाहिलं, तो हात पुसत होता. आई गेल्यापासून दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे नानांचं डोकं.

सूनबाई पायरी उतरून आत आली आणि नानांच्या हातात चहाचा पेला देऊन हळूच म्हणाली, "नाना, तुम्ही काही मनावर घेऊ नका. मला तर परवाचा किराणा आठवत नाही. तुम्ही मला माझ्या लग्नातल्या साडीचा रंग सांगता."

"माझी लेक काय म्हणाली तुला?" नानांनी विचारलं.

सूनबाई थर्मासचं झाकण लावत म्हणाली, "ताई म्हणाल्या, नाना चावी उघडायची विसरतात. त्यांनी स्वतः बघितलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. सांगताना डोळे भरून आले होते हो त्यांचे. मी म्हटलं, विसरेल एखाद्या दिवशी माणूस. तर म्हणाल्या, मी दवाखान्यात रोज बघते, सुरुवात अशीच होते."

नाना चहा प्यायले. त्यांना लेकीचा राग आला नाही. उलट तिने एकटीने हे पोटात ठेवून रोज त्यांच्यासमोर बसून हसत पलीकडे जावं, याचंच वाईट वाटलं.

"पाण्यात नेऊन बघायला हवं," मेस्त्री म्हणाला. "धक्क्याला उभी असताना शहाण्यासारखी वागते. ओझं पडलं की कळेल."

नाना उठले. "तूच चालव."

"अहो, तुम्ही आहात ना."

"चालव म्हणतो ना. मी बसतो मागे. कधी बसलोच नाही मी, बघू तरी माझे प्रवासी काय बघतात."

मेस्त्रीने बापाकडे पाहिलं, वाद घातला नाही आणि चाक हातात घेतलं. सूनबाई त्याच्याजवळ बसली. नाना मागे आले आणि लेकीच्या समोरच्या बाकावर टेकले. आयुष्य या लाँचवर गेलं, पण इथून ती कशी दिसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सुकाणूवरचा माणूस पुढे बघतो. त्याच्या पाठीमागे काय चालतं ते त्याला कुणी सांगितलं तरच कळतं.

इंजिन सुरू झालं. नर्सबाई सवयीने मागे वाकली. तिची नजर नळीवर गेली, आईसारखीच. "टाकली," ती म्हणाली, हळूच, कुणालाही नाही.

मेस्त्रीने दोर सोडायला सांगितलं, नानांना. नानांनी सोडला. लाँच धक्क्यापासून सुटली आणि नर्सबाई पिशवी बाकाखाली सरकवायला खाली वाकली. पिशवी सरकली, पण ती वाकलेलीच राहिली. उजवा हात सुट्या फळीच्या आड गेला आणि तिचा खांदा हलला. एकदा, दोनदा, तीनदा. चेहरा पाण्याकडे, जणू हाताशी आपला काही संबंध नाही. मग तिने हात काढला, रुमालाला पुसला आणि नानांकडे बघून हसली. डोळे मात्र भरले होते.

नाना बघतच राहिले. तोच खांदा, तसाच हलणारा. सकाळी चावी उघडताना त्यांची बायको इथेच अशीच वाकायची. क्षणभर तर त्यांना वाटलं की आपलं डोकं खरंच गेलं. मग त्या खांद्याची दिशा त्यांच्या लक्षात आली.

उजवीकडे.

"आई गं," नाना पुटपुटले.

"काय झालं नाना? बरं नाही वाटत?" नर्सबाईचा हात लगेच त्यांच्या मनगटावर, नाडीवर.

"काही नाही. बस तू. बस."

लगेच बोलून टाकता आलं असतं, पण आधी त्यांना खात्री करून घ्यायची होती. गेले कित्येक दिवस ते स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायला घाबरत होते, आता एकदम ठेवायचा कसा? लाँच नदीच्या मध्याकडे निघाली आणि मागच्या नळीची चूळ बारीक होत गेली. नाना ती बारीक होताना बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरत होतं.

"चढला!" मेस्त्री ओरडला. "काटा चढतोय नाना, बंद करतो."

इंजिन थांबलं. सूनबाईने नांगर सोडला. लाँच हलकेच वळून उभी राहिली आणि सगळीकडे फक्त पाण्याचा आवाज उरला. मेस्त्री मागे आला, फळी उचलून त्याने हात आत घातला आणि तसाच बसून राहिला.

"ही अर्धी बंद आहे. पण मी आत्ता धक्क्याला बघितली, उघडी होती. मी स्वतः बघितली!" त्याचा आवाज चिरकला. "मला काय वेड लागलंय का?"

"ये, माझ्या शेजारी बस," नाना म्हणाले. "मला पण असंच वाटत होतं."

"बंद कशी असेल?" नर्सबाई म्हणाली. "आत्ताच तर मी उघडली."

"कुणी?"

"मी. मी रोजच उघडते. नाना विसरतात म्हणून. पिशवी ठेवता ठेवता बघते, रोज चावी फिरते हाताला. उघडी असती तर फिरली असती का? गर्दीत जमेल तेवढी फिरवते. यांना कळू द्यायचं नव्हतं मला." ती हे सगळं नानांकडे बघून बोलत होती, पण सांगत होती भावाला.

"कुठल्या बाजूला फिरवतेस?" मेस्त्रीने विचारलं. थेट तिला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"कुठल्या म्हणजे? आपल्या. उलट्या."

मेस्त्रीने कपाळावर हात मारला. हाताचं सगळं तेल कपाळाला लागलं. "अगं ताई, उलटी कुठे राहिलीय ती! लाँच रंगवायला काढली तेव्हाच मी नवीन बसवली. सगळ्यांसारखी. डावीकडे उघडते, उजवीकडे बंद होते. तू रोज बंद करत होतीस!"

"मला कोणी सांगितलं?"

"मी नानांना सांगितलं होतं ना, तिला सांगा म्हणून!"

आणि मग दोघांनीही एकदम वळून नानांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दोघांच्या डोळ्यांत एकच होतं, आणि ते नानांना लख्ख वाचता आलं: म्हणजे विसरलेच.

सूनबाईने नानांचा हात धरला. "असू दे. त्यात काय एवढं," ती म्हणाली, कुणीही काही बोलायच्या आत.

नानांनी डोळे मिटले. ते शोधत होते. आतून घाबरून शोधत होते, अंधाऱ्या खोलीत माणूस काड्यापेटी शोधतो तसे. आणि मग त्यांना ते मिळालं. सगळंच्या सगळं मिळालं.

"तू खाली वाळूत बसला होतास," ते डोळे मिटूनच म्हणाले. "लाँच लाकडांवर उभी होती. एका बाजूला रंग झाला होता, दुसरी बाजू व्हायची होती. तू लाल चिंधीने हात पुसत होतास. चिंधी कसली, तुझ्याच जुन्या सदऱ्याची बाही. मला नवी चावी फिरवून दाखवलीस आणि म्हणालास, 'तिला सांगा, आता सुलटी झाली.' बरोबर?"

मेस्त्रीने मान हलवली.

"'तिला' म्हणालास. ताई नाही, काही नाही. तिला." नानांनी डोळे उघडले. "मी हो म्हटलं आणि घरी निघालो. वाटेत मनात आलं, किती दिवस मी हे करायचं? उद्या मी नसलो तर ही दोघं काय पाण्याला निरोप सांगणार? आणि मी ठरवलं, नाही सांगायचं. एवढी एक गोष्ट तरी यालाच तिला सांगू दे. चावीसाठी का होईना, तोंड उघडेल." ते लेकीकडे वळले. "पोरी, मी विसरलो नाही. मी सांगितलं नाही."

नर्सबाईने तोंडावर पदर धरला आणि तिला रडू कोसळलं. "मी रोज घाबरत होते नाना," ती म्हणाली. "तुम्ही साखर दोनदा घातलीत तरी घाबरायचे. मला एकदा आईच्या नावाने हाक मारलीत, तेव्हा तर रात्रभर..."

"अगं, तू तिच्याच जागेवर बसतेस, तिच्यासारखीच वाकतेस. तिची हाक तोंडात येणार नाही तर कुणाची येणार?"

"मीच बंद करायचे आणि मीच म्हणायचे, नाना विसरतात. भर पाण्यात माणसं असताना. काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं नाही. आणि झालं असतं तर त्यात माझाही हात होता. चावी तू फिरवलीस, पण हट्टाला मी पेटलो. आपल्या घराला दुसरं जमतं काय?" नाना हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचेही डोळे वाहू लागले. ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. "मला वाटलं होतं गं, माझं डोकं गेलं. मला फार भीती वाटली होती. तुम्हाला सांगायचीसुद्धा भीती वाटली."

मेस्त्री खाली मान घालून बसला होता. मग तो नानांच्या पायाशी सरकला आणि लहानपणी बसायचा तसा त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला. एवढा दांडगा गडी, कपाळाला तेल फासलेला.

"मी आज एक सांगायचं ठरवून आलो होतो," नाना थोड्या वेळाने म्हणाले. "ते सांगतोच. मी सोडतो."

तिघांचेही चेहरे पडले. "नाना, आता कशाला?" सूनबाई म्हणाली. "आता तर सगळं कळलं ना!"

"लाँच नाही सोडत. लाँच सोडून मी घरी बसून काय करू? तुमचा निरोप्याचा धंदा सोडतो. आजपासून बंद. ज्याचं त्याने बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं."

सूनबाई पहिली हसली. मग नर्सबाई हसली, रडतच. मेस्त्रीने गुडघ्यावरून मान उचलली नाही, पण त्याची पाठ हलत होती.

इंजिन निवेपर्यंत चौघांनी थर्मासमधला उरलेला चहा वाटून घेतला. मग मेस्त्री उठला आणि फळीजवळ बसला. त्याने घसा खाकरला. सवयीने त्याचं तोंड नानांकडे वळलं होतं. नाना लगबगीने पलीकडच्या काठावर काहीतरी महत्त्वाचं बघायला लागले. तिकडे एक बगळा होता.

"ताई," मेस्त्री म्हणाला. "हात दे इकडे."

"कशाला?"

"दे ना. एकदा बघून ठेव. ही बघ, अशी. डावीकडे."

"अशी?"

"तशी नाही, डावीकडे म्हटलं ना! जेवायचा हात कुठला तुझा?"

"ओरडू नकोस. हात वाकडा करून घातलाय, मला काय दिसतंय आत?"

"आईला बरं न बघता जमायचं."

"आईची उलटी होती!"

नाना सुकाणूवर जाऊन बसले. त्यांनी इंजिन सुरू केलं, सूनबाईने नांगर वर ओढला. त्यांना मागे वळून बघायचं होतं, पण ते पुढेच बघत राहिले. सुकाणूवरच्या माणसाला मागचं कुणी सांगितलं तरच कळतं, आणि आज त्यांना कुणी काही सांगू नये असंच वाटत होतं.

"ताई," पेटीजवळून मेस्त्रीने हाक मारली, "चूळ?"

क्षणभर नुसता इंजिनाचा आवाज. मग मागच्या बाकावरून, आईच्या जागेवरून, नदीभर ऐकू जाईल असा आवाज आला.

"टाकली चूळ!"

नानांनी लाँच घराकडे वळवली.